वाटणीला सोयीचं मशीन

आमच्या ह्यांचं नाव श्यामराव. तोंडाने मी ते जन्मात घेतलं नाही, पण इथे घेणार आहे. सारखं 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई कुणा देवमाणसाबद्दल सांगते आहे. देवमाणूस नाही आणि राक्षसही नाही. पालीच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची हापूसची कलमं आहेत, ती राखणारा, पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पोरांना सर्किटं जोडायला शिकवून निवृत्त झालेला, पडवीत सुपारी कातरत बसणारा साधा माणूस. खोड एकच. जगातली कुठलीही वस्तू समोर आली की ह्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, उद्या हिची वाटणी कशी होणार?

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मी दळायला जातं मागितलं. सासूबाई म्हणाल्या, खालचा दगड आहे, वरचा भागोजीकडे गेलाय. मला वाटलं, छिन्नीने टाकी लावून खरखरीत करायला गेला असेल. टाकी कसली डोंबलाची! आदल्या वर्षी चुलत भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. जातं एक आणि मागणारे दोन, म्हणून एकेक दगड वाटून घेतला होता. आमच्या दगडावर मी पुढे धुणं धुतलं. त्यांनी आपला दगड दाराच्या पायरीला लावला. दोन्ही घरांत पीठ गिरणीतून यायचं, पण अन्याय म्हणून कोणावर झाला नाही.

मी गणिताची शिक्षिका. मुलींच्या शाळेत भागाकार शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण भागाकार असा हाडात मुरलेली माणसं मी ह्याच घरात बघितली. चार चुलत भाऊ. श्यामराव सगळ्यांत मोठे, मग भागोजी, मग गंगाराम, आणि धाकटा देवदत्त. देवदत्त रत्नागिरीत एका वकिलाकडे कारकून होता आणि स्वतःला अर्धा न्यायाधीश समजायचा. त्यांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. एक आजारी पडला तर बाकीचे तिघे उशाशी बसतील. फक्त औषधाची बाटली कोणी आणली ते आधी विचारून घेतील.

आमची लेक मनस्विनी ह्या सगळ्यांत वेगळी निघाली. ती माझ्या माहेरावर गेली असं मी म्हणते, ते म्हणत नाहीत. इंजिनिअर झाली, बंगळूरला चिपा तयार करणाऱ्या कंपनीत लागली, नाव काढलं, आणि दोन हजार चार साली बॅगा घेऊन परत आली. लोकांना वाटलं, कुठे तरी प्रेमभंग झाला असणार. आपल्याकडे मुलगी परत आली की तिचं काही तरी मोडलेलंच असावं लागतं. काही मोडलं नव्हतं. ती सरळ सांगायची, "मला इथे राहायचंय. सकाळी कातळाच्या सड्यावरून फिरून येईन, दुपारी आईच्या हातचं जेवेन, आणि काम मात्र बंगळूरच्या तोडीचं करीन." त्यासाठी इथे तिला तिच्या विद्येचं काम उभं करायचं होतं. जमलं तर राहायचं, नाही जमलं तर परत जायचं. इतका साधा हिशेब तिने मला पहिल्या दिवशी सांगितला होता, आणि तेव्हापासून माझा जीव त्यात अडकला होता.

कामही तिने बरोबर हेरलं. मिरकरवाड्याला रमजानभाई म्हणून बोटींचं सामान विकणारे आहेत. पाण्यात आवाज सोडायचा, खालून परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा आणि मासळीचा थवा कुठे आहे ते पडद्यावर दाखवायचं, असं यंत्र ते बाहेरच्या देशातून आणायचे. महाग तर होतंच, वर बिघडलं की कोचीला धाडा. मनस्विनी म्हणाली, "चाचा, ह्याच्या पोटातली चिप मी इथे करते." रमजानभाई हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "बेटा, तू चालणारी चिप आण. पहिल्या बोटी माझ्या."

मग कंपनी निघाली. पैसा आंब्याचा, चौघा भावांचा, सारखा. भागीदार चौघे. आणि मनस्विनी? मनस्विनी पगारी! जिच्या डोक्यातून सगळं निघालं ती पगारी. मी विचारलं तर श्यामराव म्हणाले, "अगं, मुलगी आहे, उद्या कुठे तरी जाईल. पाचवा वाटेकरी कशाला घालायचा?" कंपनीचं नाव चौघांच्या आद्याक्षरांवरून ठेवलं. ते उच्चारताना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, पण कोणाचं अक्षर गाळायचं ह्यावर एकमत होईना, म्हणून तेच राहिलं.

आता चिपेचं सांगते, मला कळलं तेवढं. चिप आधी कॉम्प्युटरवर लिहायची. मग ते लिहिलेलं परदेशातल्या कारखान्यात पाठवायचं. तिथे सिलिकॉनच्या थाळीवर बऱ्याच कंपन्यांच्या चिपा एकदम कोरतात, म्हणून ठरल्या तारखेला पोचायलाच हवं. एकदा कोरली की खोडरबर चालत नाही. चूक राहिली तर पैसा आणि वर्ष दोन्ही समुद्रात. म्हणून आधी तालीम घ्यायची. तालमीचं मशीन असतं, त्याला एम्युलेटर म्हणतात. आपण लिहिलेली चिप त्यात भरली की मशीन त्या चिपेसारखं वागायला लागतं आणि चूक आधीच सापडते. आमच्या गावात दर वर्षी नाटक बसतं, त्यामुळे रंगीत तालीम म्हटल्यावर चौघांनाही ते पटकन समजलं. घोडं अडलं ते मशीन कुठलं घ्यायचं इथे.

मनस्विनीने पडवीच्या भिंतीवर मोठा कागद लावला. चौघे भाऊ सतरंजीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कारण सतरंजीवर मला कोणी बोलावलं नव्हतं. तिने तीन वाटा सांगितल्या. पहिली, बंगळूरला एक कंपनी आपलं मोठं मशीन आठवड्याच्या भाड्याने देते, तिथे जाऊन तालीम करून यायचं. दुसरी, मुंबईत एका बंद पडलेल्या कंपनीचं कपाटाएवढं जुनं मशीन विकायला आहे, ते आणायचं. हळू चालतं, पण अख्खी चिप त्यात मावते आणि आतली कुठलीही तार उघडून बघता येते. तिसरी, पुण्याचा एक माणूस चार बोर्ड एकमेकांना जोडून देतो. भराभर चालतात, पण चिप चार तुकड्यांत कापून एकेका बोर्डावर बसवावी लागते आणि आत काय चाललंय ते नीट दिसत नाही.

"मला पहिली हवी," ती म्हणाली. "नाहीतर दुसरी. तिसरी नको. चारातला एक बोर्ड हलला तरी माझी तालीम बंद."

"भाड्याचं?" भागोजीभावोजींनी तोंड वाकडं केलं. "भाड्याच्या भांड्यांत कोणी पंगत वाढतं का?" सगळा गाव लग्नाची भांडी भाड्याने आणतो, त्यांच्या स्वतःच्या लग्नातली पातेलीसुद्धा भाड्याची होती, मी त्यात भात शिजताना बघितलाय. पण माझं ऐकतो कोण! पहिली वाट तिथेच बंद झाली.

दुसऱ्या मशीनचा फोटो हातोहात फिरला. गंगारामाने तो उजेडात धरून पाहिला, मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं, आणि घसा साफ करून विचारलं, "कपाट एकच ना गो? मग उद्या वाटणी झाली तर हे कसं वाटायचं?"

मला वाटलं, आता कोणी तरी हसेल. कोणी हसलं नाही. देवदत्त मान डोलावून म्हणाला, "अविभाज्य वस्तू म्हणजे कोर्टात कटकट. लिलाव लागतो." श्यामरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "मुद्दा आहे," ते म्हणाले.

"कंपनीची अजून पाटी लागली नाही आणि वाटणी कसली करताय?" मी दारातून ओरडले.

"तू मध्ये पडू नको. वस्तू घेताना शेवटाचा विचार करावा."

"मग लग्न करताना केला होतात का?"

त्यावर मात्र सगळे हसले. मनस्विनीही हसली. तिला वाटलं, सगळीच थट्टा चालली आहे. ती फार वर्षं बाहेर राहिली होती. थट्टा नव्हती. वाटेकरी किती, चार. बोर्ड किती, चार. एवढ्यावर निकाल लागला. मुलीने वेग, क्षमता, अचूकपणा असे रकाने आखून आणले होते, ते सगळे गेले खड्ड्यात. वाटणीला सोयीचा म्हणून एम्युलेटर घेणारा दुसरा शहाणा जगात असेल तर मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन!

बोर्ड आले. आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये एका बाजूला काचेची खोली करून मांडले. एक दिवस मनस्विनी मिरकरवाड्याला गेली असताना चौघे ते चार बोर्ड पिशव्यांत घालून रत्नागिरीच्या बाजारात गेले आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून प्रत्येकाच्या खालच्या पत्र्यावर नाव कोरून आले. पातेल्यावर घालतात तसं! वर तारीख. संध्याकाळी पोरीने ते पाहिलं आणि एकेक बोर्ड उलटसुलट करून तपासायला घेतला. "बाबा, हे थरथरणाऱ्या सुईखाली धरलंत?" श्यामराव म्हणाले, "पत्राच तर आहे. आणि बघ, माझं अक्षर सगळ्यांत सुबक आलंय." देव पावला, बोर्ड शाबूत होते.

पोरगी खपली. लोडशेडिंगचे दिवस ते. दिवा गेला की बोर्डात भरलेलं सगळं पुसलं जायचं, मग पुन्हा भरा. तिच्या चिपेचेही चार भाग होते. एक आवाज सोडणारा, एक ऐकणारा, एक हिशेब करणारा, एक पडद्यावर काढणारा. पहिले तीन तयार होऊन नीट चालले. चुका सापडल्या, तिने त्या काढल्या, जेवताना मला आनंदाने सांगायची, आणि मला अर्धं कळायचं नाही तरी मी आणखी भाकरी वाढायचे. चौथा भाग मेच्या सुरुवातीला पुरा झाला. "आई, आता चारही एकत्र चालवायचे. खरी तालीम आता. तारखेला अजून वेळ आहे, होऊन जाईल." मी देवाला साखर ठेवली. मी काही फार देवभोळी नाही, पण ठेवली.

आणि नेमका तेव्हा रातांबा पिकला.

आमच्या आणि गंगारामाच्या कलमांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे. त्या गडग्यातच एक रातांब्याचं झाड उगवलंय. कोणी लावलं नाही, पाणी घातलं नाही, पाखराने बी टाकली असेल. झाडाला लाल फळं लागली, गंगारामाच्या बायकोने, गोदाने, आमसुलं घालायला ती काढून नेली. दर वर्षी नेते. ह्या वर्षी श्यामरावांची नजर पडली. "अर्धी माझी," म्हणाले. गंगाराम म्हणाला, "फांद्या माझ्या अंगणात आहेत." हे म्हणाले, "बुंधा माझ्याकडे झुकलाय." टेप आणली. भर उन्हात दोन म्हातारे झाडाचा पोटघेर मोजत बसले. भागोजी आणि देवदत्त मजा बघायला आले आणि दोन्ही बाजूंना तेल घालून गेले. शब्दाने शब्द वाढला, बापजाद्यांपर्यंत गेला. सगळ्या भांडणाचा ऐवज काय, तर दोन टोपल्या रातांबे! बाजारातून मी चार टोपल्या आणल्या असत्या.

त्या दुपारी गंगाराम शेडमध्ये गेला. मनस्विनी घरी जेवत होती, मशीनवर चारही भागांची पहिली तालीम नुकतीच सुरू झाली होती. त्याने केबली उपटल्या, आपल्या नावाचा बोर्ड पिशवीत घातला आणि घरी नेला.

ती धावत त्याच्याकडे गेली. मी मागोमाग. बोर्ड गोदाच्या कपाटात, साड्यांच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत होता. गंगाराम आरामखुर्चीत. मनस्विनी म्हणाली, "काका, महिनाअखेर चिप पाठवायची आहे. काम झालं की बोर्ड मी स्वतः तुमच्या घरी आणून ठेवते."

"माझा आहे तो. नाव वाच त्यावर. तुझ्यावर माझा राग नाय पोरी, तू आपली लेक. तुझ्या बापाला सांग, रातांब्यावरचा हक्क सोडला असं एकदा येऊन बोल. डोक्यावर घेऊन आणून ठेवीन बोर्ड."

मी गोदाला म्हटलं, "तू तरी समजाव." गोदा म्हणाली, "वहिनी, पुरुषांच्या गोष्टीत मी बोलत नाय." रातांबे काढताना मात्र ती पुरुषांना विचारायला गेली नव्हती. असो.

मनस्विनी घरी आली आणि बापासमोर उभी राहिली. माझी मुलगी कधी काही मागत नाही. लहानपणी जत्रेतही मागायची नाही. त्या दिवशी तिने मागितलं. "बाबा, तो रातांबा सोडा. माझ्यासाठी."

श्यामराव सुपारी कातरत होते. "झाडाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कसलं तत्त्व? चारही भाग एकत्र चालवून बघितल्याशिवाय चिप गेली तर मी जुगार खेळल्यासारखं आहे. चिप मेली तर रमजानचाचा दुसरीकडे जातील. मग इथे माझं काय काम राहिलं?"

"आज रातांबा सोडला की उद्या गडगा जाईल, परवा विहीर. तू शिकलेली आहेस, तुला जमिनीचं नाही कळायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "अहो, तुमची एकुलती एक लेक समोर उभी आहे आणि तुम्ही विहिरीचं काय सांगताय? ती विहीर मार्चमध्येच आटते!" त्यावर ते म्हणाले, "बायकांना आवाज चढवायला काय जातं." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. माझ्या हातात तेवढंच होतं. आणि सांगते, तत्त्व हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात जातो.

पोरीने सगळे उपाय केले. पुण्याच्या माणसाला विचारलं, नवा बोर्ड कधी देतोस? तो म्हणाला, पावसाळा लागल्यावर. बंगळूरला विचारलं. त्यांचं मशीन दुसऱ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. रमजानभाईंना कळलं तेव्हा ते स्वतः गंगारामाकडे आले, मोठी सुरमई घेऊन. गंगारामाने सुरमई घेतली आणि बोर्ड दिला नाही.

शेवटी अर्ध्या न्यायाधीशांनी तोडगा काढला. देवदत्त म्हणाला, "बोर्ड तीन आहेत ना? मग तीन-तीन भाग बसवून बघ. आळीपाळीने सगळे तपासून होतील." तिने ते केलं, दुसरं करण्यासारखं नव्हतंच. कधी हा भाग बाहेर ठेव, कधी तो. तिघांचा प्रत्येक गट नीट चालला. तीन भाऊ खूश! "प्रत्येक पोर पास झालं, म्हणजे वर्ग पास," भागोजीभावोजी म्हणाले. गणिताची शिक्षिका घरात असताना हे ऐकावं लागलं.

"चौघे एकत्र चालले नाहीत," मनस्विनी म्हणाली. "मी पाठवणार नाही."

"पगारी माणसाने असं म्हणायचं नसतं," असं देवदत्त म्हणाला. खरंच म्हणाला. आणि माझा नवरा सुपारी कातरत राहिला.

मतं घेतली. गंगारामाला बोलावलं नव्हतं, तिघेच होते, तिघांनी हात वर केला. सगळी फाइल रत्नागिरीत स्टॅंडजवळच्या सायबर कॅफेतून पाठवायची होती. मनस्विनी सोबत गेली, सगळं जोडून दिलं आणि खुर्चीवरून उठली. "बटण तुम्ही दाबा, बाबा. मी नाही दाबणार." श्यामरावांनी तर्जनीने दाबलं. घरी येऊन मला म्हणाले, "पाठवली गो चिप!" मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेले.

चिपा आल्या गणपतीत. चौघे भाऊ एका पंगतीला होते, कारण गणपतीपुढे भांडण चालत नाही, आणि गणपती गेल्यावर ते जिथे थांबलं होतं तिथून सुरू करता येतं. एवढासा खोका, आत चाळीस चिपा. हिरवट काळ्या, नखाएवढ्या. सुंदर होत्या हो! मी एक तळहातावर घेतली. हे माझ्या पोटच्या पोरीने केलं.

ती शेडमध्ये गेली. सोबत रमजानभाई. आम्ही सगळे काचेबाहेर. पडदा उजळला, त्यावर एक रेघ आली, रमजानभाईंनी "माशाल्ला" म्हटलं, आणि रेघ तिथेच थांबली. तिने पुन्हा चालू केलं. पुन्हा थांबली. दुसरी चिप घेतली, तिसरी घेतली. दुपारपर्यंत तिला कारण सापडलं. बाहेर येऊन तिने ते शांतपणे सांगितलं. चिपेत आठवणीची जागा एकच असते आणि ती चारही भागांना लागते. एकाने मागितली तर मिळते. तिघांनी मागितली तरी वाटून मिळते. चौघांनी एकाच क्षणी मागितली की प्रत्येक जण दुसऱ्याने सोडायची वाट बघत बसतो आणि चिप गोठते. "चौघे एकत्र चालवले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं," ती म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम होतं दुरुस्तीचं."

रमजानभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. बोटी निघायच्या होत्या, त्यांना थांबता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी परदेशी यंत्रं मागवली हे मला बाजारात कळलं. मी त्यांना दोष देत नाही.

आता ह्या चौघांना काही तरी वाटायला हवं होतं की नाही? लाज म्हणा, वाईट म्हणा, निदान डोकं खाजवायला हवं होतं. गंगाराम सगळ्यांत आधी बोलला. खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चाळीस आहेत ना? पैसे माझेही होते."

आणि बसले की हो वाटायला! सतरंजी घातली, खोका मधे ठेवला. आमच्या अंगणात, गणपतीच्या दिवसांत, चार म्हातारे मेलेल्या चिपा वाटून घेत होते. ज्या तीन मनस्विनीने तपासल्या होत्या त्या कोणाच्या वाट्याला जाव्यात ह्यावर थोडी बाचाबाची झाली. तीही मिटली. दहा-दहा बरोबर आल्या. बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार मी कुठल्या फळ्यावर केला नसेल. मला इतकी घाण वाटली त्या घराची की मी उठून मागच्या दारी गेले.

मनस्विनीने बंगळूरला जुन्या कंपनीत कळवलं, त्यांनी लगेच बोलावलं. निघायच्या दिवशी श्यामराव तिच्या खोलीत आले. मी तिच्या साड्या घडी करत होते. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "घे. माझ्या वाटणीच्या दहाही तुला. भागोजीला बोलू नको."

जन्मात ह्या माणसाने आपल्या वाट्यातलं काही कोणाला दिलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती केवढी मोठी गोष्ट होती ते मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त संताप येत होता.

मनस्विनीने पुरचुंडी उघडली नाही. त्यांचा हात हातात घेतला, पुरचुंडी परत त्यात ठेवली आणि त्यांची मूठ मिटली. "बाबा, ही चिप मी बोटींसाठी केली नव्हती. मला इथे राहता यावं म्हणून केली होती."

"मग राहा की," श्यामराव म्हणाले. घाईघाईने म्हणाले. "कोणी जा म्हटलंय तुला? राहा."

"कोणाच्या वाट्यात, बाबा?"

तिने ते भांडून विचारलं नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं आणि थांबली. श्यामरावांनी तोंड उघडलं. ज्या माणसाला घरातल्या खिळ्याखिळ्याचा वाटेकरी पाठ आहे, तो लेकीसमोर तोंड उघडं ठेवून उभा राहिला. बाहेर रिक्षाने हॉर्न दिला. तिने बॅग उचलली, माझ्या पाया पडली, त्यांच्याही पडली आणि गेली.

त्याला आता काही वर्षं झाली. ते उत्तर अजून आलेलं नाही. मी रोज जेवायला वाढताना विचारते, "मग, कोणाच्या वाट्यात ते ठरलं का?" ते खाली मान घालून भात कालवतात, आणि मी आमटी वाढते.